खरे उत्तरायण कोणते, आणि दक्षिणायनाला घाबरायचे का?

आपल्या प्रश्नात तीन धागे एकत्र आले आहेत. पहिला असा की, सूर्य २१-२२ डिसेंबरला उत्तरेकडे वळतो असे शाळेत शिकवतात, मग संक्रांत १४ जानेवारीला का, आणि साधनेसाठी यांपैकी कोणता दिवस धरायचा? दुसरा, दक्षिणायन ही देवांची रात्र असल्यामुळे त्या सहा महिन्यांत कोणतीही उपासना आरंभू नये असे आपल्या घरात सांगतात, ते कितपत खरे? आणि तिसरा, ठाण्यात नवव्या मजल्यावर राहून, पाळ्यांची नोकरी करताना ऋतूंशी जुळवून घ्यायचे म्हणजे नेमके करायचे काय? मी व्यवसायाने वैद्य आहे आणि सूर्योपासना माझ्या सासरी पूर्वापार चालत आलेली आहे. माझ्या अनुभवात हे तीन प्रश्न वेगळे नाहीत, म्हणून उत्तरही एकत्रच देते.

आधी आकाशात काय घडते ते पाहू, कारण आध्यात्मिक अर्थ त्यावरच उभा आहे. पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे सूर्याच्या उगवतीची जागा वर्षभर क्षितिजावर सरकत असते. पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर ती डिसेंबरात ठीक पूर्वेपासून सुमारे पंचवीस अंश दक्षिणेला असते आणि जूनमध्ये जवळपास तितकीच उत्तरेला. म्हणजे वर्षभरात सूर्य क्षितिजाचा सुमारे पन्नास अंशांचा पट्टा एकदा जातो आणि एकदा परत येतो. मात्र तो सारख्या गतीने चालत नाही. मार्चमध्ये, विषुवदिनाच्या आसपास, उगवतीची जागा रोज पाऊण सूर्यबिंबाहून अधिक सरकते. डिसेंबरच्या शेवटी वळणाच्या जागी तेवढेच अंतर जायला त्याला दहा-अकरा दिवस लागतात. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला त्या दिवसांत सूर्य एकाच ठिकाणी उगवतो आहे असेच वाटते. अयनबिंदूचा, म्हणजे सूर्य जिथे वळतो त्या जागेचा, क्षण गणिताने मिनिटापर्यंत सांगता येतो हे खरे. पण माणसाच्या अनुभवाला येतो तो क्षण नव्हे, थांबणे येते.

आपल्या परंपरेने हे थांबणे फार पूर्वी टिपले आहे. कौषीतकी ब्राह्मण या वैदिक ग्रंथात असे वर्णन आहे की, माघाच्या अमावास्येला सूर्य उत्तरेकडे वळण्याच्या बेताने थांबतो, आणि सत्राला, म्हणजे दीर्घ यज्ञाला, बसणारे ऋत्विजही (यज्ञ करणारे पुरोहितही) त्याच्याबरोबर थांबतात. मला अयनाचा आध्यात्मिक अर्थ इथेच सर्वांत स्पष्ट दिसतो. वळण्याआधी थांबायचे असते, आणि ते थांबणे हाही यज्ञाचाच भाग असतो. सूर्य थांबला आहे म्हणून आपणही नवे काही ओढून न आणता थांबावे, एवढी साधी गोष्ट त्या ऋत्विजांनी विधीत बसवली.

दुसरा अर्थ भास्कराचार्यांनी सांगितला आहे, आणि तो देवांच्या दिवस-रात्रीच्या प्रश्नाला थेट भिडतो. त्यांचा सिद्धान्तशिरोमणी हा ज्योतिषग्रंथ ११५० सालचा. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. त्यांच्यापुढे अडचण अशी होती की, उत्तर ध्रुवावर, म्हणजे पुराणांच्या भाषेत मेरूवर, सूर्य दिसतो तो मार्चच्या विषुवापासून सप्टेंबरच्या विषुवापर्यंत. मग डिसेंबरात सुरू होणाऱ्या उत्तरायणाला देवांचा दिवस का म्हणायचे? त्या वेळी तर मेरूवर मध्यरात्र असते. भास्कराचार्यांचे उत्तर असे की, सूर्य दिवसाच्या दिशेने तोंड करून निघाला, दिनोन्मुख झाला, म्हणून संहिताकारांनी तेव्हापासूनच दिवस मानला. उजेड अजून आलेला नाही. २२ डिसेंबरनंतरचे तीन महिने रात्र दिवसापेक्षा मोठीच असते. तरीही त्या काळाला दिवस म्हटले आहे, ते केवळ दिशा बदलली म्हणून. उपासनेला बसणाऱ्या प्रत्येकाने या एका विचारावर पुष्कळ वेळ घालवावा असे मला मनापासून वाटते. आपण सारे जण फळ दिसू लागले की साधना सुरू झाली असे धरतो. शास्त्राने मात्र वळण घेतले तिथूनच मोजणी धरली आहे, मग पुढे कितीही काळोख असो.

आता तारखेचे. एके काळी उत्तरायण आणि मकरसंक्रांत एकाच दिवशी होत असत. पृथ्वीचा अक्ष अतिशय संथपणे, सुमारे सव्वीस हजार वर्षांत एक, असा फेरा घेतो. त्यामुळे अयनबिंदू ताऱ्यांच्या मानाने दर बहात्तर वर्षांना सुमारे एक अंश मागे सरकतो. आपली संक्रांत ताऱ्यांना, म्हणजे निरयन राशींना, बांधलेली आहे आणि ऋतू अयनबिंदूला बांधलेले आहेत. या दोहोंत आज सुमारे चोवीस अंशांचे अंतर पडले आहे, आणि तेच तारखांत तीन आठवड्यांहून थोडे अधिक दिसते. वेदांगज्योतिष या प्राचीन ग्रंथाच्या काळी सूर्य धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी उत्तरेकडे वळत असे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत स्वच्छ लिहून ठेवले की, पूर्वशास्त्रांत तसे सांगितले आहे म्हणजे तेव्हा तसे असणारच, पण आज अयन मकराच्या आरंभापासून होते, आणि याची खात्री प्रत्यक्ष परीक्षेने करून घ्यावी. धर्मग्रंथांचा मान राखून डोळ्यांवरही विश्वास ठेवणारी ही वृत्ती मला आदर्श वाटते.

संक्रांतीची तारीखही स्थिर नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी, ऐन संक्रांतीच्या दिवशी झाली असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात त्या वर्षी संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती. आज ती १४ किंवा १५ जानेवारीला येते आणि पुढे आणखी सरकत जाईल. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली, त्यात नागपूरचे के. ल. दफ्तरी आणि केसरीचे माजी संपादक ज. स. करंदीकर हेही होते. समितीच्या अहवालानंतर २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका लागू झाली, आणि तिच्यात २२ डिसेंबर हा पौषाचा पहिला दिवस आहे, म्हणजे उत्तरायणाच्या आरंभालाच महिना सुरू होतो. घरोघरी मात्र संक्रांत निरयनच राहिली, आणि ती तशी राहण्यात मला काही बिघडलेले दिसत नाही. सण हा समाजाचा ठरलेला भेटीचा दिवस असतो.

मग साधनेसाठी कोणता दिवस? माझे मत असे की, २१-२२ डिसेंबर आणि १४ जानेवारी यांत भांडण लावूच नये. डिसेंबरच्या त्या थांब्यापासून माघ शुद्ध सप्तमीपर्यंत, म्हणजे रथसप्तमीपर्यंत, एकच सलग काळ धरावा. यामागे अनुभवाचेही एक कारण आहे. दिवस सर्वांत लहान २१-२२ डिसेंबरला असला, तरी मुंबईत सर्वांत लवकर सूर्यास्त होतो तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, सहाच्या आसपास. आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय होतो तो जानेवारीच्या मध्यावर, सव्वासातच्या सुमारास. पृथ्वीची कक्षा किंचित लंबगोल आहे आणि अक्ष कललेला आहे, या दोहोंमुळे हे घडते. म्हणजे वाढ आधी संध्याकाळच्या बाजूने होते आणि पहाट तीन-चार आठवडे मागेच राहते. पहाटे उठून बसणारा माणूस म्हणतो, २२ तारीख उलटली तरी अंधार वाढतोच आहे, आणि त्याचे म्हणणे खरे असते. त्याला उजेड लवकर येऊ लागल्याचे जाणवते ते संक्रांतीनंतरच. संक्रांतीची तारीख या कारणाने ठरलेली नाही, हा निव्वळ आजच्या शतकांतला योग आहे. पण आपल्या पिढीला तो लाभला आहे, तर त्याचा उपयोग करून घ्यावा.

या काळात नेमके काय करायचे, याचे उत्तर मी कोणत्याही मोठ्या अनुष्ठानाआधी धुंधुरमासाने देते. सूर्य धनू राशीत असतो तो साधारण १६ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंतचा महिना, म्हणजे अयनाचा दिवस ज्याच्या पोटात येतो तो. या महिन्यात निदान एक दिवस तरी पहाटे उठून, स्नान करून, स्वयंपाक करून, सूर्योदयाला नैवेद्य दाखवून जेवायचे अशी आपली रीत. मुगाच्या डाळीची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा, वांग्याचे भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा, कढी. सगळे ताट उजाडताना गरम असले पाहिजे. अनेकांना ही केवळ हौस वाटते. पण वाग्भटाने, आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथकाराने, हेमंत ऋतूच्या वर्णनात लिहिले आहे की, या दिवसांत रात्री लांबलेल्या असल्यामुळे माणूस सकाळीच भुकेलेला उठतो. थंडीने त्वचेवाटे जाणारी ऊब आत कोंडली जाते आणि जठराग्नी प्रबळ होतो. त्याला वेळेवर इंधन मिळाले नाही तर तो शरीरातले धातूच, म्हणजे रक्त-मांसादी घटकच, पचवू लागतो, म्हणून स्निग्ध आणि पोटभर खायला सांगितले आहे. म्हणजे ज्या महिन्यात सर्वांत मोठी रात्र येते, त्याच महिन्यात सकाळचे जेवण देवाला दाखवून घ्यायचे, हा विधी शरीराच्या गरजेवरच बेतला आहे. मी स्वतः चुलीजवळ बसून भाकरी थापत असते तेव्हा बाहेर अंधार असतो, तव्यावरची भाकरी फुगते तेवढ्यात खिडकीची काच करडी होते, आणि ताम्हनात अर्घ्य द्यायला उठेपर्यंत समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे लाली आलेली असते. यापेक्षा निराळी अयनपूजा शोधण्याची मला कधी गरज वाटली नाही.

पुढे भोगी येते. वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, घेवडा, शेंगदाणे आणि तिळाचा कूट घालून केलेली लेकुरवाळी भाजी हे त्या पंधरवड्यात शेतात जे काही उभे असते त्याचे सरळ ताटात उतरलेले रूप आहे. संक्रांतीला सुगडांतही तेच भरतो: हरभरा, ऊस, बोरे, गव्हाच्या ओंब्या, तिळगूळ. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर मातीच्या बोळक्यात दूध ऊतू जाऊ देतात, तिथे हा काळ पुरा होतो. फ्लॅटमध्ये गोवऱ्या पेटवू नयेत, शेजाऱ्यांना त्रास होतो. गॅसवर पूर्वेकडे तोंड करून दूध ऊतू घातले तरी सूर्याला पोहोचते.

आता दक्षिणायनाकडे वळते, कारण आपली खरी काळजी तिथे आहे. गीतेच्या आठव्या अध्यायात उत्तरायणाचा आणि दक्षिणायनाचा असे दोन मार्ग सांगितले आहेत, भीष्म शरपंजरी अठ्ठावन्न रात्री उत्तरायणाची वाट पाहत पडून राहिले, आणि या दोन गोष्टींवरून दक्षिणायन म्हणजे काहीतरी उणे अशी समजूत रुजली. पण गीतेत पुढच्याच श्लोकात भगवंत सांगतात की, हे दोन मार्ग जाणणारा योगी मोहात पडत नाही, म्हणून तू सर्व काळी योगयुक्त हो. ब्रह्मसूत्रांनी तर दक्षिणायनात देह ठेवणाऱ्या ज्ञान्यालाही तेच फळ मिळते असे स्वतंत्र सूत्र घातले. आणि मराठी माणसाला याहून मोठा दाखला हवा असेल तर तो आळंदीत आहे. ज्ञानेश्वर माउलींनी शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी घेतली. तो दक्षिणायनाचा काळ होता. ज्यांनी गीतेतले ते दोन मार्ग मराठीत उलगडून सांगितले, त्यांनी स्वतः जाण्यासाठी उत्तरायणाची वाट पाहिली नाही.

आयुर्वेदात तर दक्षिणायनाची बाजू अधिकच भरभक्कम आहे. उत्तरायणाचे सहा महिने म्हणजे शिशिर, वसंत, ग्रीष्म. याला आदानकाल म्हणतात, कारण सूर्य या काळात सृष्टीतला ओलावा आणि माणसाचे बळ ओढून घेतो. दक्षिणायनाचे वर्षा, शरद, हेमंत हे तीन ऋतू म्हणजे विसर्गकाल. यात चंद्राचे बळ वाढते आणि सृष्टीला व शरीराला परत दिले जाते. म्हणून माणूस सर्वांत दुबळा असतो तो ग्रीष्माच्या शेवटी आणि पावसाच्या आरंभी, आणि सर्वांत सशक्त असतो तो हेमंत-शिशिरात, म्हणजे दक्षिणायनाच्या अखेरीस आणि उत्तरायणाच्या आरंभी. ज्या बळावर आपण संक्रांतीनंतर अनुष्ठानाला बसतो, ते बळ दक्षिणायनाने साठवून दिलेले असते. देवांची रात्र म्हणा हवी तर, पण रात्रीच शरीर भरून निघते.

चातुर्मासाकडे या दृष्टीने पाहा. जूनमध्ये सूर्य दक्षिणेकडे वळतो, तेव्हा आपल्याकडे आकाश ढगांनी भरलेले असते. त्यामुळे महाराष्ट्रात उन्हाळ्यातला अयनबिंदू कोणी डोळ्यांनी पाहत नाही. शेतकरी तो नक्षत्राने ओळखतो, कारण सध्या सूर्य आर्द्रा नक्षत्रात शिरतो तोही २१-२२ जूनलाच. मृगाचा पाऊस झाला, पेरणी झाली की आषाढी एकादशीला देव झोपतात आणि कार्तिकी एकादशीला उठतात. या चार महिन्यांत एकभुक्त राहणे, नक्त करणे (दिवसभर उपास करून रात्रीच जेवणे), कांदा-लसूण-वांगे सोडणे, श्रावणी सोमवार धरणे, हे सर्व नेम ज्या काळात जठराग्नी सर्वांत मंद असतो त्या काळात आले आहेत. हा उपासनेचा काळ नाही असे म्हणणे म्हणजे विठ्ठलाची वारी, श्रावण, नवरात्र आणि कार्तिकातली काकडआरती हे सारे नाकारणे होय. लग्न-मुंजीचे मुहूर्त चातुर्मासात टाळतात. त्याचा अर्थ जप टाळावा असा नाही. आपण गुरुपौर्णिमेला नामजप सुरू करू इच्छिता, तो अवश्य करा.

उत्तर आणि दक्षिण या दोन्ही गतींची सारखी प्रतिष्ठा पाहायची असेल तर कोल्हापूरला अंबाबाईच्या किरणोत्सवाला जावे. मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यात शिरून देवीच्या चरणांपासून वर चढतात, ती वर्षातून दोनदा: ९ ते ११ नोव्हेंबरला आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला. तारखांकडे नीट पाहिले तर दोन्ही उत्सव २१ डिसेंबरपासून जवळपास सारख्याच अंतरावर, सुमारे एकेचाळीस-बेचाळीस दिवसांवर आहेत. कारण सूर्य क्षितिजावरच्या एकाच जागी दोनदा मावळतो, एकदा दक्षिणेकडे जाताना आणि एकदा तिथून परतताना. देवीला जाणाऱ्या सूर्याचे किरण चालतात आणि येणाऱ्याचेही चालतात. मंदिर बांधणाऱ्यांनी दाराची दिशा ठरवली तेव्हाच हे त्यांना ठाऊक असले पाहिजे.

आता तिसरा धागा, रोजच्या जगण्याचा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिली गोष्ट सांगते ती औषधाची किंवा मंत्राची नसते. गच्चीत, गॅलरीत किंवा जिन्याच्या खिडकीत एक जागा ठरवा, तिथे उभे राहून समोरच्या क्षितिजावरची एखादी ठळक खूण निवडा, मोबाइलचा टॉवर, टाकी, डोंगराचा खांदा, जे दिसेल ते, आणि सूर्य त्या खुणेच्या कोणत्या बाजूला उगवतो ते आठवड्यातून एकदा वहीत काढून ठेवा. वराहमिहिराने अयनाची परीक्षा करायला हीच रीत सांगितली आहे: दूरच्या खुणेवरून उगवतीचा किंवा मावळतीचा वेध घ्यावा. पूर्वेची खिडकी नसेल तर पश्चिमेची चालते. एक वर्ष ही वही भरली की ऋतू पुस्तकातून कळण्याची गरज उरत नाही. मे महिन्याच्या मध्यावर मुंबई-पुण्यात भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते, आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारची सावली चक्क दक्षिणेकडे पडते, हेही या निमित्ताने दिसते. पुष्कळ जण इथे जन्म काढतात आणि त्यांना हे ठाऊक नसते.

दुसरी गोष्ट ऋतुसंधीची. संपणाऱ्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि येणाऱ्याचा पहिला, या चौदा दिवसांत जुनी सवय हळूहळू सोडावी आणि नवी हळूहळू धरावी, एकदम बदल केला तर तोच रोगाला कारण होतो, असे वाग्भट सांगतो. माझ्या दवाखान्यातली गर्दी या काळात वाढलेली मी दरवर्षी पाहते. मात्र ऋतू पंचांगातून उचलू नका. ग्रंथात ज्येष्ठ-आषाढ हा ग्रीष्म आहे आणि श्रावण-भाद्रपद ही वर्षा. पण ठाण्यात किंवा रत्नागिरीत आषाढात पाऊस धो धो कोसळत असतो, आणि त्याच वेळी विदर्भात कधी कधी उकाडा संपलेला नसतो. ऋतू लक्षणांवरून ओळखावा. दोन-चार दिवस सलग पाऊस लागला, कपडे वाळेनासे झाले, जिभेवर पांढरा थर येऊ लागला आणि भूक मागे सरली, की वर्षाऋतूचा आहार सुरू करावा: जुने धान्य, मुगाचे कढण, आले-लिंबू, उकळलेले पाणी, रात्री हलके. भाद्रपद सरताना ऊन एकदम तापते तेव्हा साठलेले पित्त उसळते. त्या वेळी ताक, आंबट आणि तिखट कमी करून तूप, दूध, आवळा यांकडे वळावे. कोजागिरीचे आटीव दूध या पित्तशमनाच्या दिवसांत येते ते उगीच नाही. दिवाळीच्या अभ्यंगाने थंडीची तयारी सुरू होते, आणि तेल एका दिवसापुरते न ठेवता होळीपर्यंत निदान आठवड्यातून दोनदा तरी अंगाला लावावे. वमन, विरेचन, बस्ती (ओकारी, जुलाब, एनिमा) ही शोधने, म्हणजे शरीरशुद्धीचे उपचार, वैद्याच्या देखरेखीशिवाय करू नयेत. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांनी चातुर्मासाचे कडक उपवास डॉक्टरांना विचारूनच धरावेत.

सूर्यनमस्कारांविषयी थोडे अधिक सांगते, कारण उत्साही साधकांचे नुकसान इथे होताना मी पाहते. रथसप्तमीला एकशे आठ नमस्कारांचा संकल्प करून तोच आकडा मे महिन्यापर्यंत ओढण्याची पद्धत पडली आहे. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, तोही थंडीत आणि वसंतात. इतर ऋतूंत त्याहूनही कमी, असे ग्रंथवचन आहे. अर्धी शक्ती म्हणजे कपाळावर, नाकावर, काखेत घाम फुटेपर्यंत आणि तोंडाने श्वास घ्यावा लागू लागेपर्यंत. आदानकाल पुढे सरकतो तसे शरीरातले बळ घटत जाते, तेव्हा चैत्रानंतर नमस्कारांची संख्या उतरती ठेवावी. आकडा कमी झाला म्हणून संकल्प मोडत नाही. बारा नमस्कार बारा नावांनी, श्वास न धापवता घातले तरी ग्रीष्मात पुरे. सूर्याची उपासना करताना सूर्याच्या गतीकडेच दुर्लक्ष करायचे, ही गोष्ट मला पटत नाही.

पाळ्यांच्या नोकरीत सूर्योदयाला रोज उठणे शक्य नाही, हे मी गृहीत धरते. रात्रपाळीच्या आठवड्यात आपण सकाळी घरी परतता तेव्हा सूर्य नुकताच वर आलेला असतो. तेच आपले अर्घ्य. बसथांब्यावरून सोसायटीपर्यंतची दहा मिनिटे मोबाइल खिशात ठेवून, सूर्याकडे एक नजर टाकून चालावे आणि घरी गेल्यावर तांब्याभर पाणी सोडावे. सवयीबाहेरचे जागरण झाले तर जागरणाच्या निम्मा वेळ सकाळी न जेवता झोपावे असा स्पष्ट निर्देश वाग्भटात आहे, आणि माझ्या पाळीवाल्या रुग्णांना तो चांगला मानवतो: परतल्यावर भरपेट नाश्ता करून झोपण्याऐवजी आधी झोप, मग उठून ताजे गरम जेवण. एरवी दिवसा झोपणे वर्ज्य असले तरी ग्रीष्मात ते सांगितलेलेच आहे, कारण तेव्हा रात्री लहान असतात. दिवसपाळीच्या आठवड्यात संध्याकाळची संध्या धरा, दिवेलागणीला पाच मिनिटे शांत बसणे एवढीच. दोन्ही पाळ्यांत एक गोष्ट न बदलता ठेवायची, ती म्हणजे रविवारी सकाळची वही.

आपली बहीण मेलबर्नला असते आणि तिने काय करावे असेही आपण विचारले आहे. तिथे २२ डिसेंबर हा वर्षातला सर्वांत मोठा दिवस असतो आणि संक्रांत भर उन्हाळ्यात येते. तिने तिळगूळ आणि हळदीकुंकू आपल्या पंचांगाने करावे, कारण ते नातेसंबंधांचे आहे. खाणे, झोप, तेल आणि व्यायाम मात्र तिथल्या सूर्याप्रमाणे ठेवावे. बाजरी, तीळ आणि गूळ तिथल्या जून-जुलैत तिला अधिक उपकारक ठरतील, आणि थांबून बसण्याचा काळही तिला तिथे २१ जूनच्या आसपासच मिळेल.

राहिला संकल्पाचा मुद्दा. २२ डिसेंबर ते १४ जानेवारी या दिवसांत संकल्पात उत्तरायण म्हणायचे की दक्षिणायन, यावर पंचांगकर्त्यांत मतभेद आहेत. आपल्या घरी जे पंचांग चालते त्यात जे छापले असेल ते म्हणा आणि पुढे चला.